बाळोते : कापड कोणाचे, हात कोणाचे

या मालिकेतील मागचे धागे सनदा, नाणी आणि गडांच्या दरवाजांवर होते. आजचा धागा तान्ह्या मुलाच्या बुडाखाली घालावयाच्या कापडावर आहे. हसू आले तर आताच हसून घ्यावे. पुढे सूत, संप, लाकडाचा लगदा आणि जात हे सारे येणार आहे.

निमित्त घरचेच. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी आली आणि प्रबंध लिहिण्यासाठी घरीच बसलेला मी मामा झालो. बाळाला शक्यतो कापडच वापरायचे असे ताईने आधीच ठरवले होते. जांघेत उठणारे पुरळ, दरमहाचा खर्च आणि रोज भरणारी कचऱ्याची पिशवी ही तिची कारणे. आजीला मात्र यात काही ठरवण्यासारखे आहे हेच कळेना. "अगं, मग दुसरं काय वापरतात?" असे म्हणून तिने ट्रंक उघडली.

ट्रंकेतून निघाली ती बाळोती. हा शब्द आता शहरांतून जवळजवळ गेला आहे. त्याच्या जागी लंगोट किंवा सरळ डायपर म्हणतात. इंग्रजीतील 'डायपर' हा शब्द मुळात बाळाशी संबंधित नाहीच. तो एका विणीचे नाव होता: बारीक चौकटींची नक्षी पुन्हापुन्हा येणारे तागाचे वा सुती कापड, म्हणजे डायपर. मेजावरचे रुमाल त्याचे होत, मग बाळाला गुंडाळण्याचे तुकडे त्याचे झाले आणि कालांतराने कापडाचे नाव वापराला चिकटले. ब्रिटनमधला 'नॅपी' हा तर 'नॅपकिन'चा संक्षेप. आपला शब्द कापडाकडे पाहत नाही, बाळाकडे पाहतो. याचे कारण मला असे वाटते की आपल्याकडे बाळोत्याचे कापड असे वेगळे काही नव्हतेच. बाळोते विकत आणत नसत. ते लुगड्यातून उरत असे.

हे 'उरणे' नीट समजून घ्यायला हवे. नऊवारी लुगडे आधी सणावारी नेसायचे, मग रोजचे, मग शेतात. पदर विरला की मधला धडका भाग काढून दुपटे शिवायचे किंवा गोधडीत घालायचा. त्याहून विरलेला भाग बाळोत्यांना. दोन-तीन बाळांच्या बुडाखालून गेल्यावर त्याचे फडके, फडक्याचे पायपुसणे, आणि शेवटी उकिरड्यावर माती. आजीने मला बाळोते फाडायला शिकवले, कारण ते कापायचे नसते. काठाला दातांनी किंचित चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचे. सुती कापड दोऱ्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. कडेला शिवण घालायची नाही, कारण शिवण टोचते. जरीचा काठ आधीच उसवून बाजूला ठेवायचा.

वस्त्रांच्या संग्रहालयात पैठण्या असतात, शेले असतात, राजपुत्रांचे अंगरखे असतात. तिथे बाळोते नसते. जे फार वापरले गेले नाही तेच टिकते, आणि टिकते त्याचाच इतिहास लिहिला जातो. बाळोते तर वापरून संपवण्यासाठीच असे.

जुनेच कापड का, याला आजीकडे दोन उत्तरे होती. एक, बारशापर्यंत बाळाला नवे घालू नये, दृष्ट लागते. दुसरे, "नवं कापड पाणी पीत नाही." पहिल्या उत्तराचे मी काही करू शकत नाही, दुसरे मात्र वस्त्ररसायनाच्या पुस्तकात जसेच्या तसे सापडते. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो आणि मागावर ताणा तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते. दोन्ही पाणी अडवतात. वारंवार धुतल्याने, विशेषतः गरम पाण्यात क्षार घालून धुतल्याने, ती निघून जातात. राखेतही क्षारच असतात, तेव्हा साबण दुर्मिळ असतानाही हे काम अडत नव्हते. आज दुकानातून सुती लंगोट आणणाऱ्यांना वापरण्यापूर्वी तो चार-सहा वेळा धुवा अशी सूचना वेष्टनावर वाचायला मिळते. दहा वर्षे नेसलेल्या लुगड्यावर ती क्रिया आधीच पुरी झालेली असे.

आता खरी अडचण. आजीच्या ट्रंकेतले तुकडे मोजून चौदा भरले. तान्हे मूल पहिल्या महिन्यात दिवसाला दहा-बारा वेळा ओले करते. रोज धुतले तरी चोवीस ते तीस तुकडे हवेत, आणि पावसाळ्यात त्याच्या दीडपट. आईच्या कपाटात पाहिले, ताईच्या सासूबाईंनाही विचारले. दोन्ही घरांत मिळून फाडण्यासारखी एकही जुनी सुती साडी निघाली नाही. जे होते ते सारे पॉलिएस्टर.

इथे घरातला प्रश्न संपतो आणि माझा विषय सुरू होतो. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि दोन वर्षांत ती चालू झाली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे गिरण्यांचे आणि मागांचे सुती कापड महाराष्ट्राच्या अंगावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेक गिरण्या त्यानंतर पूर्वपदावर आल्या नाहीत. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. संपामुळे सुती साडी गेली असे मी म्हणणार नाही. तो फार सोपा कार्यकारणभाव होईल. न चुरगळणारी, चटकन वाळणारी, इस्त्री न मागणारी साडी आईच्या पिढीने स्वतः निवडली, आणि सकाळी आठच्या एसटीने नोकरीला जाणाऱ्या बाईने ती का निवडू नये? पण परिणाम एकच झाला. सामान्य हवेत कापसाचा तंतू आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टरचा तंतू अर्धा टक्काही नाही. लुगड्याच्या आयुष्याची जी साखळी वर सांगितली, तिची पहिलीच कडी निघाली. डायपर आपल्या बाजारात स्थिरावू लागला तेव्हा त्याला बाळोत्याशी फारसे झुंजावे लागले नाही. फाडायला कापडच उरले नव्हते.

पाश्चात्त्य देशांत हा बदल निराळ्या क्रमाने झाला. १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि चारशे डॉलरना विकून टाकले; लंगोटाची गाठ जाऊन पिन आली. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅरियन डोनोव्हन या बाईंनी न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर घालायचे जलरोधक आवरण शिवले, पुढे ते पॅराशूटच्या नायलॉनचे केले, १९५१ मध्ये पेटंट मिळवले आणि हक्क दहा लाख डॉलरना विकले. कागदाचा, टाकून देण्याचा लंगोट करावा ही त्यांची पुढची कल्पना मात्र कारखानदारांनी मनावर घेतली नाही. १९६१ मध्ये प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने 'पॅम्पर्स' बाजारात आणले. त्यामागचे प्रमुख नाव व्हिक्टर मिल्स या अभियंत्याचे. १९८० च्या दशकात त्यात अतिशोषक रसायनाचे कण आले आणि डायपर पातळ झाला.

एक आडवाट, कारण ती मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील कागद चिंध्यांपासून होत असे. घरोघरचे विरलेले तागाचे आणि सुती कपडे गोळा होऊन कागदाच्या गिरणीत जात, म्हणजे कुणाच्या तरी लंगोटावर कुणाचा तरी ग्रंथ छापला गेला असणार. १८४० च्या दशकात लाकडाच्या लगद्याचा शोध लागला आणि कागदाला चिंध्यांची गरज उरली नाही. विसाव्या शतकात तोच लगदा पिंजून, मऊ करून डायपरमध्ये भरला गेला. आधी ग्रंथातून, मग पाळण्यातून, चिंधीला दोन्ही ठिकाणांहून लाकडानेच बाहेर काढले.

आता हातांविषयी. "आमच्या वेळी सगळं कापडच होतं" हे वाक्य आपण मोठ्या कौतुकाने ऐकतो. मी आजीला विचारले, धूत कोण होते? ती थोडी थांबली. म्हणाली, "पहिल्या दहा दिवसांत सुईण धुवायची. नंतर मी. ओढ्यावर." सोयर पाळणाऱ्या घरांत दहा दिवस बाळंतीण आणि तिची वस्त्रे शिवायची नसत, पण कुणीतरी ती शिवल्याशिवाय धुतली जात नाहीत. तेव्हा ज्यांच्या शिवण्याने घराचे काही बिघडत नाही असे धरले होते, त्या खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांकडे ते काम जाई. मोबदला म्हणून धान्य आणि एखादे जुने लुगडे. सुईणीचे नाव आजीला आठवले नाही. "सुईणच म्हणायचो," ती म्हणाली.

डायपरने हे काम संपवले अशी आपली समजूत असते. त्याने ते उंबऱ्याबाहेर नेले. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. वापरलेले डायपर आणि पॅड उघडे टाकले की वर्गीकरण करताना ते त्यांच्या हातांत येतात. म्हणून गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढीच मागणी त्यांना मोहीम काढून करावी लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वेष्टन-पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. माझ्या मते ओढ्यावरची सुईण आणि गल्लीतली कचरावेचक यांच्यामध्ये पन्नास वर्षे आहेत, पण एकाच्या घरची घाण दुसऱ्याने निस्तरण्याची रीत तीच आहे.

म्हणून कापड वापरायचे असेल तर 'धुणार कोण' हे आधी ठरवावे आणि 'कोणते कापड' हे नंतर. आमच्या घरी मी धुतो. कृती सांगतो, कारण हीदेखील परंपरा आहे आणि ती लिहून ठेवली जात नाही. शी झालेले बाळोते आधी थंड पाण्यात खळबळावे. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग गरम पाणी, थोडा धुण्याचा सोडा, साबण बेताचा. साबण नीट निघाला नाही तर कापड पुन्हा पाणी पिईनासे होते. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रव्ये त्याच कारणासाठी वर्ज्य. कडकडीत ऊन सर्वोत्तम. डागही फिके पडतात. पावसाळ्यात आजीची पद्धत म्हणजे शेगडीवर वेळूची टोपली पालथी घालून त्यावर बाळोती पसरायची आणि निखाऱ्यावर ओवा टाकायचा. ती आम्ही दोन दिवस करून पाहिली. वास सुरेख, पण धुराने सगळ्यांचेच डोळे चुरचुरले, तेव्हा आता खोलीत दोरी आणि पंखा. अंथरुणाखाली मेणकापड अजून आहे. ते मात्र रबरी झाले आहे.

कमी पडलेल्या तुकड्यांसाठी दहा मीटर मांजरपाट आणला आणि चार दिवस रोज उकळून धुतला. त्याशिवाय टिचबटणांचे, आत कापडी घडी सरकवायचे आधुनिक कापडी डायपर सहा घेतले. डोनोव्हनबाईंच्या आवरणाचेच ते वंशज. रात्री आणि प्रवासात ताई बाजारचा डायपर लावते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये केलेल्या तुलनेचा निष्कर्षही असाच व्यवहारी आहे: कापडी लंगोट उन्हात वाळवले, यंत्र पूर्ण भरून चालवले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले तर हवामानावरचा भार बराच कमी होतो, यंत्राने वाळवले तर तो फायदा जातो. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावातल्या बाईला बाळोत्यांचा उपदेश करण्यापूर्वी हे आठवावे.

ताईची रजा २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे सव्वीस आठवड्यांची. त्यानंतर पुणे, नोकरी आणि पाळणाघर. पाळणाघराने कापडी लंगोट चालणार नाहीत असे आताच कळवले आहे. दाजी दर शनिवारी येतात, आणि सध्या आजी त्यांना बाळोते पिळायला शिकवते आहे. त्यांनी आईकडे किंवा बहिणीकडे पाहिले की आजी हाक मारते, "जावईबापू, इकडे."

तुमच्याकडे या कापडाला काय म्हणतात ते खाली लिहावे. कोकणातले, खानदेशातले, विदर्भातले शब्द विशेष हवे आहेत. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारताना ते कोण धूत असे, हेही विचारावे. पुढचा धागा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यावर, म्हणजे चिंध्यांच्या कागदावर.