नाताळचा गोठा

नाताळ जवळ आला की आमच्या गोव्याच्या घरी ‘गोठो’ बांधण्याची धांदल उडे. आधी नाचणी पेरून तिच्या कोवळ्या रोपांची हिरवी शेते करावयाची, गवताचे छप्पर घालावयाचे आणि २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवावयाची. बाळ येशू तीत निजे तो त्यानंतरच. इटलीतील ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली खरा बैल व गाढव उभे करून असाच देखावा रचला होता.

नोकरीनिमित्त आम्ही रामपायलीस आलो, तेव्हा आजीने दिलेल्या मातीच्या मूर्ती बरोबर आणल्या. प्रवासात नेमका बैल फुटला. आम्ही हिरमुसलो. शेजारची चिमुरडी तुकड्यांकडे पाहात राहिली. मग धावत जाऊन आपला तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घेऊन आली.

“काकू, हा ठेवा!”

नंदी जोसेफाहूनही उंच! क्षणभर आमचे मन कचरले. परंतु तिचा चेहरा पाहून आम्ही जोसेफालाच बाजूस सरकविले. छपरासाठी तिच्या आईने धानाचा पेंढा दिला. नाताळच्या दिवशी आम्ही नेवऱ्यांचे ताट घेऊन गेलो, तेव्हा “या तर आमच्या करंज्याच!” असे म्हणून त्या हसल्या.

आता दरवर्षी ६ जानेवारीस तीन राजांचा सण झाला की नंदी आपल्या घरी जातो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांत मिरवतो आणि डिसेंबरात पुन्हा आमच्या गोठ्यात येतो. मातीचा नवा बैल आणावा, असे आम्हांस पुन्हा कधी वाटले नाही.