कोकणची हवा, विमानाची हवा आणि आपले नाक

कोकणातल्या मुस्लिम घरांना आखात परका मुलुख वाटत नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत कुवेत, कतार, दुबई किंवा सौदीला कुणीच गेलेले नाही असे घर शोधावे लागेल. पूर्वी गेलेला माणूस दोन-तीन वर्षांनी एकदा यायचा. आता लग्नाला, मयतीला, ईदला, आईच्या ऑपरेशनला माणसे दोन दिवसांतही येऊन जातात.

आमचे थोरले भाई गेली अनेक वर्षे रियाधला यंत्रांच्या देखभालीचे काम करतात. कंपनीच्या कामासाठी त्यांना महिन्यातून दोन-तीनदा जेद्दा किंवा दम्मामला विमानाने जावे लागते. धाकटी बहीण लग्न होऊन दम्मामला गेली. आम्ही दोघे शिक्षक, त्यामुळे उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली की कधी त्यांच्याकडे जाणे, कधी अम्माला पोहोचवणे, कधी आणणे, असे सुरूच असते. एवढ्या प्रवासांत सामानाचे, तिकिटाचे, व्हिसाचे बोलणे घरात खूप झाले. पण विमानातून उतरल्यावर दोन दिवस नाक का जळते, कपाळ का जड होते, रुमालावर रक्ताचा ठिपका का दिसतो, हे कुणीच बोलत नव्हते. भाईंना तर हा त्रास वर्षानुवर्षे होता. विचारले की म्हणायचे, "परदेशात राहायचे तर एवढे सबुरीने घ्यावे लागते."

तीन हवा

आम्ही दापोली तालुक्यातले. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, डब्यातले पापड सादळतात, मीठ पाझरते. मे महिन्यात पाऊस नसतो तेव्हाही समुद्रावरून येणारा वारा दमटच असतो. आपल्या नाकाला या ओलाव्याची सवय असते.

रियाध समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, वाळवंटाच्या मधोमध आहे. तिथे वर्षभराचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास. जून-जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांपर्यंत खाली येते. भाईंच्या खोलीत धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात कडकडीत वाळतो, आणि उघडा ठेवलेला बिस्किटाचा पुडा दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहतो. आमच्या मुलांना त्याचेच मोठे नवल वाटले होते.

या दोन्हींच्या मधे असते विमानातली हवा. विमान ३५ हजार फुटांवर उडते तेव्हा बाहेरचे तापमान शून्याखाली ५० अंशांच्या आसपास असते. इतक्या थंड हवेत पाण्याची वाफ जवळजवळ नसते. हीच हवा दाबून, योग्य तापमानाला आणून आत सोडतात. त्यामुळे विमानातली आर्द्रता साधारण १० ते २० टक्केच राहते, आणि प्रवास लांबला की ती आणखी उतरते. घरात माणसाला ४० ते ६० टक्के आर्द्रता सोसवते, हे लक्षात घेतले की फरक कळतो. शिवाय आतला दाब जमिनीवरच्यासारखा ठेवत नाहीत. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका ठेवतात. महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट आहे. रियाधला जाणारा प्रवासी चार-साडेचार तास कळसूबाईपेक्षा उंच जागी आणि वाळवंटासारख्या कोरड्या हवेत बसलेला असतो.

नाकाचे काम काय

सातवीच्या वर्गात श्वसनसंस्था शिकवताना आम्ही सांगतो की नाक हवा गाळते, गरम करते आणि ओली करते. नाकाच्या आतल्या पातळ त्वचेवर चिकट द्रवाचा थर असतो. त्याखालचे अतिसूक्ष्म केस तो थर सतत मागे घशाकडे लोटतात. धूळ, जंतू त्यात अडकून निघून जातात. कपाळात, गालांच्या हाडांत, डोळ्यांच्या मधे आणि मागे ज्या पोकळ्या असतात त्यांना सायनस म्हणतात. त्यांची तोंडे बारीक असतात आणि नाकातच उघडतात.

कोरडी हवा तासन्तास आत गेली की हा द्रव घट्ट होतो आणि केसांची हालचाल मंदावते. सायनसची तोंडे चोंदतात, कपाळ आणि गाल जड होतात. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचे जाळे अगदी वरच असते. तिथली त्वचा सुकून तडकली, खपली धरली आणि ती बोटाने काढली की घोळणा फुटतो. सर्दी नसतानाही नाक चोंदल्यासारखे का वाटते, याचे उत्तर पुष्कळदा यातच असते.

भाईंना रियाधच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा जंतूंचा संसर्ग नव्हता. नाक आतून सुकून खपल्यांनी भरले होते. ते मात्र अनेक महिने नाक मोकळे करणारा औषधी फवारा रोज मारत होते. त्यातली झायलोमेटाझोलीन, ऑक्सिमेटाझोलीन यांसारखी औषधे नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून क्षणात मोकळे वाटते. पण तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरली तर औषधाचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, आणि माणूस पुन्हा बाटली शोधतो. रक्तदाब असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नयेत. डॉक्टरांनी भाईंचा तो फवारा बंद करून साध्या मिठाच्या पाण्याचा, म्हणजे सलाइनचा फवारा दिला. तीन आठवड्यांत सकाळची डोकेदुखी निम्म्यावर आली.

अम्माचा उमरा

आमच्या घरात हा विषय खरा महत्त्वाचा झाला तो अम्माच्या उमऱ्यामुळे. अम्मा ६८ वर्षांची. हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. थंडीत तिचा घोळणा दोनदा फुटला होता. भाईंनी तिकिटे काढतो म्हटल्यावर घरातल्या काही वडीलधाऱ्यांचे मत पडले की या वयात, या गोळीवर विमानात बसवू नये. अम्मा काही बोलली नाही, पण तिने इहरामच्या वेळी घालायचे पांढरे कपडे शिवायला टाकलेले होते ते तसेच शिंप्याकडे राहू दिले.

आम्ही तिला हृदयाच्या आणि नाक-कान-घशाच्या, दोन्ही डॉक्टरांकडे नेले. दोघांनीही एक गोष्ट ठासून सांगितली: गोळी मनाने बंद करायची नाही. घोळणा फुटेल या भीतीने गोळी बंद केली तर स्टेंट तुंबण्याचा धोका त्याहून फार मोठा. नाक ओले ठेवा, रक्तदाब मोजत राहा आणि जा, असे त्यांचे म्हणणे पडले. निघण्याच्या दहा दिवस आधीपासून अम्माच्या नाकात सकाळ-संध्याकाळ सलाइनचे थेंब आणि रात्री नाकासाठीच बनवलेले पाण्याचे जेल सुरू केले. इहराममध्ये सुगंध वर्ज्य, म्हणून जेल बिनवासाचे आहे हे बाटलीवर वाचून घेतले. बामाबद्दल शंका होती, तेव्हा तो सामानातून काढूनच टाकला.

मुंबई ते जेद्दा पाच-साडेपाच तासांचा प्रवास. अम्माने तासा-दीड तासाने फवारा घेतला, आणि जागेवरच्या हवेच्या झोताचे तोंड आम्ही तिच्या चेहऱ्यावरून वळवले. पाणी थोडे थोडे पाजत राहिलो. नुसते पाणी पिऊन नाक ओले होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पाणी घशासाठी आणि शरीरासाठी, नाकाला ओलावा नाकातूनच द्यावा लागतो. मीकातची घोषणा झाली तेव्हा तिने नियत केली आणि पुढचा सगळा वेळ तलबिया म्हणत राहिली.

जेद्दा लाल समुद्राच्या काठावर. विमानतळाबाहेर पडताच दमट वारा आला आणि अम्मा म्हणाली, "ही तर आपल्या हर्णैची हवा." मक्केत तवाफ, सई सगळे नीट झाले. तिथून हरमैन रेल्वेने अडीच तासांच्या आत आम्ही मदिनेला पोहोचलो. मदिना समुद्रापासून लांब, ६०० मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून तिथली हवा कोरडी. मस्जिदे नबवीच्या आवारात २५० मोठ्या छत्र्या आहेत. त्यांच्या खांबांवरच्या पंख्यांतून पाण्याचे तुषार उडतात आणि दुपारी तिथे बसलेल्या माणसाला तेवढाच गारवा मिळतो. पण हॉटेलच्या खोलीत एसी रात्रभर चालू होता, आणि दुसऱ्या रात्री फजरच्या आधी अम्माचा घोळणा फुटला.

डॉक्टरांनी शिकवून ठेवल्याप्रमाणे तिला खुर्चीत ताठ बसवून मान थोडी पुढे झुकवली. मान मागे टाकली तर रक्त घशात उतरते, म्हणून तसे करायचे नव्हते. नाकाचा हाडाखालचा मऊ भाग चिमटीत दाबून धरला आणि घड्याळ लावून १० मिनिटे सोडला नाही. मधेच सोडून बघायचे नसते. ती तोंडाने श्वास घेत होती आणि तोंडात आलेले रक्त थुंकत होती. दहा मिनिटांनी रक्त थांबले. थांबले नसते तर लगेच रुग्णालयात न्यायचे हे ठरलेले होते, आणि पत्ता फोनमध्ये लिहून ठेवला होता. त्या दिवशी तिला नाक शिंकरू दिले नाही, वाकू दिले नाही, आणि खोलीत ओला टॉवेल खुर्चीवर पसरून ठेवला. नंतर परतीच्या विमानापर्यंत पुन्हा काही झाले नाही. अल्हम्दुलिल्लाह.

वुजूचे पाणी आणि नाक धुणे

दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्याच्या नाकाला पाणी लागतच असते, मग वेगळे सलाइन कशाला, असे आम्हाला अनेकांनी विचारले. वुजूत नाकात घेतलेले पाणी पुढचा भाग स्वच्छ करते, धूळ काढते, हा मोठाच फायदा. पण साधे पाणी नाकाच्या त्वचेला झोंबते आणि लवकर सुकते. शरीरातल्या क्षाराइतकेच मीठ असलेले पाणी झोंबत नाही.

पिचकारीने किंवा नळीच्या भांड्याने नाक खोलवर धुवायचे असेल तर नळाचे, विहिरीचे पाणी तसेच कधी वापरू नये. ते किमान एक मिनिट खळखळ उकळून थंड केलेले असावे. गोड्या पाण्यात असणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. कराचीत त्याने अनेकांचे जीव घेतले आहेत, आणि केरळात २०२४ व २०२५ मध्ये अशा मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. आजार अगदी दुर्मीळ आहे. पण पाणी उकळणे तर आपल्या हातात आहे. पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर पाण्याला पाव ते अर्धा छोटा चमचा बिनआयोडीनचे मीठ पुरते. रोजा असेल तेव्हा नाकात पाणी वर ओढायचे नसते, म्हणून हे धुणे इफ्तारनंतर करावे.

निघण्यापूर्वी

सलाइनचा छोटा फवारा हातातल्या पिशवीत ठेवावा. आंतरराष्ट्रीय विमानात १०० मिलिलिटरपर्यंतची बाटली नेता येते. साधा मास्क लावला तर उच्छ्वासातला ओलावा नाकाजवळ राहतो, आणि झोपताना त्याचा फार उपयोग होतो. खोबरेल किंवा तूप नाकात वारंवार सोडू नये. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते. उतरताना कान दुखतात त्याला गिळणे, जांभई देणे हा उपाय. विमान खाली येऊ लागले की झोपलेल्यांना उठवावे आणि तान्ह्या मुलाला दूध पाजावे. वाफारा घ्यायचा तो मुलांना गरम पातेल्यापासून लांब ठेवून. जोराची सर्दी, ताप किंवा गालात ठणका असेल तर शक्य असल्यास प्रवास पुढे ढकलावा. दहा दिवसांनंतरही त्रास न थांबणे, एकाच बाजूने सतत रक्त येणे, डोळ्याभोवती सूज किंवा दिसण्यात फरक, यांपैकी काही असेल तर घरी उपाय करत बसू नये.

सबुरी मोठी चीज आहे, पण ज्याला उपाय आहे ते दुखणे लपवणे म्हणजे सबुरी नव्हे. घरचा माणूस परत निघाला की आपण त्याच्या बॅगेत आमसुले, मसाला, तांदळाचे पापड भरतो. त्यातच सलाइनची एक बाटलीही टाकावी. आणि पोहोचल्याचा फोन आला की पगार, रजा यांच्या आधी विचारावे, डोके कसे आहे, नाक जळते का. तो लगेच खरे सांगेलच असे नाही. भाईंनीही तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले होते.