तार असावी कीं नसावी?

आमच्या घरांत मोठ्या खरेदीचा निर्णय एका बैठकींत होतो. वाद होतो तो लहान वस्तूंवरून. गेल्या महिन्यांत गाणें ऐकण्याचें एखादें साधन दीड हजार रुपयांच्या आंत घ्यावें असें ठरलें, आणि घरांत सरळ दोन पक्ष पडले. कानांत बसणारे बिनतारी इअरबड्स घ्यावे, असें कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याचें म्हणणें; सगळा कान झांकणारा तारेचा हेडफोन घ्यावा, असें आमच्या काकांचें. सूनबाई कोणत्याच पक्षांत नव्हत्या, आणि शेवटीं निकाल लागला तो बराचसा त्यांच्याच गरजेनें.

काकांचें वय एक्याऐंशी. पहांटे चारला त्यांना जाग येते, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचें गाणें ऐकल्यावांचून चहा गोड लागत नाहीं. ज्या अल्लादिया खांसाहेबांना शाहू महाराजांनीं कोल्हापूर दरबारीं आश्रय दिला, त्यांच्या स्वतःच्या गायनाची एकहि ध्वनिमुद्रिका नाहीं. १९४६ सालीं ते गेले आणि आवाजहि त्यांच्याबरोबर गेला. राहिलें तें शिष्यांच्या गळ्यांत. त्यांपैकीं केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ सालीं व्हॉयेजर यानांत बसून ताऱ्यांकडे निघाली. आमच्या माजघरांतून शेजारच्या खोलींत मात्र ती जातां कामा नये, कारण तेथें पुतण्या झोंपलेला असतो!

तारेनें आवाज अधिक शुद्ध येतो, हा काकांचा मुद्दा आम्हांला फारसा पटला नाहीं. बिनतारी साधनाकडे आवाज धाडतांना फोन त्यांतील कांहीं भाग गाळून गाठोडें लहान करतो, हें खरें. परंतु तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या जुन्या तबकड्यांवर वरचे बारीक ध्वनि मुळांतच फारसे उमटलेले नाहींत. जें नाहीं तें गाळणार कसें? खरी अडचण निराळीच. काकांच्या कानामागें श्रवणयंत्र आहे. बड घालावयाचा तर तें काढून ठेवावें लागतें, आणि अंधारांत हरभऱ्याएवढ्या वस्तूशीं झटापट करावी लागते. हेडफोनची कटोरी यंत्रासकट कान झांकते. क्वचित् शिट्टी वाजते. कटोरी थोडी सरकविली कीं थांबते.

पुतण्याची बाजूहि लंगडी नव्हती. रंकाळ्यावर फिरतांना तार कधीं बाहींत अडकते, कधीं छत्रींत. पोळ्या लाटतांना ती पिठांतच लोळावयाची. शिवाय अलीकडच्या पुष्कळ फोनांना हेडफोनचें भोंकच नसतें. २०१६ सालीं आयफोनमधून तें गेलें, आणि मागोमाग इतरांनींहि तें बुजविलें. म्हणजे चार्जिंगच्या भोकांत बसणारा एक जोडतुकडा आणखी विकत घेणें आलें. परंतु बडच्या पोटांतील बॅटरी इवलीशी. दोन-तीन वर्षांत ती थकते, आणि स्वस्त बडांत ती बदलून मिळत नाहीं. पुतण्याच्या पहिल्या जोडींतील उजवा मुका झाला, तेव्हां ‘नवीन घ्या’ एवढेंच औषध दुकानदारानें सांगितलें. उलट घरांतल्या एका जुन्या हेडफोनची तार पिनेजवळ तुटली असतां लक्ष्मीपुरींतील दुरुस्तीवाल्यानें ती दोनदां डाख देऊन जोडून दिली.

सूनबाई दर रविवारीं पुण्याच्या गुरुजींकडून व्हिडिओ कॉलवर गाणें शिकतात. मैत्रिणीचे बड्स आणून त्यांनीं एक धडा घेतला. गुरुजींनीं विचारलें, “अहो, विहिरींतून गातां आहांत कां?” बडमधील मायक्रोफोन चालू झाला कीं ब्लूटूथ गाण्याचा रुंद मार्ग सोडून संभाषणाच्या अरुंद मार्गानें जाऊं लागतें, जाणारा आवाजहि चपटा, येणाराहि. बोलण्यास तें पुरतें. तंबोऱ्याची जवारी आणि स्वराचा लगाव त्यांतून कळत नाहीं. साधा तारेचा हेडफोन लावला तर बोलण्याचें काम फोनचाच मायक्रोफोन करतो.

आम्हांला स्वतःला काळजी होती ती आवाजाच्या मापाची, आणि त्या बाबतींत दोन्हीं साधनें सारखींच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांतून ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० झाला तर चारच तास. काकांनीं तीस वर्षें उद्यमनगरांत यंत्रांच्या खडखडाटांत काढलीं. कानांतले जे सूक्ष्म केश तेव्हां झडले ते पुन्हां उगवत नाहींत.

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणत्याहि दुकानांत सांगत नाहींत. बड घातलेला माणूस ऐकतो आहे कीं नाहीं हें पाहणाऱ्याला दिसत नाहीं. काका हांक मारतात. बड्स घालून बसलेला पुतण्या ओ देत नाहीं. आणि काकांना वाटतें कीं त्यानें ओ दिली, आपल्यालाच ऐकूं आली नाहीं. ते पुन्हां हांक मारीत नाहींत. कटोऱ्या डोक्यावर दिसल्या म्हणजे निदान उठून खांद्याला हात लावतां येतो.

जोडतुकड्यासह हेडफोन दीड हजारांतच बसला. माजघराच्या खुंटीला तो टांगलेला असतो. पहांटे काकांचा, रविवारीं दहा ते अकरा सूनबाईंचा. पुतण्या बड्ससाठीं पैसे सांठवीत आहे. निम्मे देण्याचें काकांनीं कबूल केलें आहे. अट एवढीच कीं, घरांत एकच कान झांकावा.