जमा आणि नावे



माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला भक्तामर स्तोत्राचे 48 श्लोक नुसते ऐकून पाठ आहेत. पण वहीत दोन ओळी लिहायच्या तर काना-वेलांटी गायब. शाळेचा शेरा, "हुशार, पण आळशी." तो आळशी नाही, त्याला डिस्लेक्सिया आहे.

मी कॉमर्सची. जमा आणि नावे सारखे झाले की शिल्लक शून्य दिसते, म्हणून व्यवहार झालेच नाहीत असं नसतं. अशा मुलांची बुद्धी अडचण झाकते, अडचण बुद्धीला झाकते आणि मूल 'साधारण' वाटतं. दोन्ही बाजू वेगळ्या मांडाव्यात.

आमच्याकडे तो धडा ऐकतो, उत्तर तोंडी सांगतो, सून लिहून घेते. लिहिण्याचा सराव रोज पंधराच मिनिटं. पाठशाळेत तो लहानांना श्लोक शिकवतो. अभ्यास राहिला म्हणून ते कधी बंद करत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही येते. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळू शकतो. नातेवाईक म्हणाले, "कागद नको, पुढे सोयरीक अडेल." सोयरीक वीस वर्षांनी. शाळेत त्याला रोज जायचंय. आम्ही अर्ज केला.