शेवटचा हात कोणाचा?

नोकरीत माझं अर्धं आयुष्य एकाच प्रश्नात जातं, "काल चालत होतं, आज का नाही?" उत्तर शोधायचा पहिला नियमही पाठ आहे. शेवटचा बदल कोणी केला ते बघा. गेल्या ऑक्टोबरात घरी देवरीला गेलो आणि नेमका हाच नियम विसरलो, त्याची ही गोष्ट.

धान निसवायला आलेलं, पाऊस गायब, बांध्यांना भेगा पडायला लागलेल्या. बोडीत पाणी होतं, पण ते वर चढवणाऱ्या डिझेल इंजिनाचं हेड गॅस्केट गेलेलं. मिस्त्रींनी हेड उतरवलं, वॉल्व्ह घासले, नवं गॅस्केट टाकलं आणि इंजीन तासभर चालवून दाखवलं. जाताना म्हणाले, "थंडं झालं का हेडचे नट आणखी एकदा कसा, अन् मंग..." तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसचा! पुढचं वाक्य हवेत विरलं.

दुसऱ्या दिवशी मी पाना घेऊन नट कसले. झालं! हँडल मारून मारून बाबांना धाप लागली, इंजीन ढिम्म. मी (इंजिनिअर ना!) लगेच निकाल दिला, "मिस्त्रींनी घोळ घातलाय."

"काल तं चालू होतं ना बा," बाबा म्हणाले.

मग जरा शिस्तीत सुरू केलं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, म्हणजे मुख्य संशयित दोन, डिझेल आणि कॉम्प्रेशन. नोझलच्या पाइपाचा नट सैल करून एअर काढली, डिझेल व्यवस्थित येत होतं. मग हँडल फिरवत डिकम्प्रेशन लिव्हर खाली टाकला. चाक दाबाने अडायला हवं होतं, ते भिंगरीसारखं फिरत राहिलं. हवा दाबलीच जात नाही तर तापणार कुठून, आणि डिझेल पेटणार कशाने?

वरचं कव्हर काढलं. दोन्ही वॉल्व्ह बंद असतात त्या जागी पिस्टन आणला, तरी पुशरॉड बोटांनी फिरेनात. तेव्हा कुठे उजेड पडला. नट कसले की नवं गॅस्केट दबतं, हेड केसभर खाली बसतं, पण पुशरॉडची लांबी तेवढीच. टॅपेटची फट संपते, वॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि सगळा दाब तिथून पळतो. मिस्त्रींचं राहिलेलं अर्धं वाक्य हेच असणार... मग टॅपेट लावा!

फीलर गेज घालून पुस्तकातल्या मापाची फट ठेवली. दुसऱ्या हँडलला काळा धूर, आणि मग तो ओळखीचा धडधडाट. पाणी पहिल्या बांधीत शिरेपर्यंत अंधार पडला होता.

बाबा एवढंच म्हणाले, "आता मिस्त्रीले फोन कर."

"त्यांना कुठे माहितीय मी काय बोललो ते?"

"मले माहीत आहे ना."

केला फोन. माझीच चूक होती, आणि दोष मी त्यांना दिला, हे सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "पाणी चढलं ना?"

चढलं म्हटलं.

"मंग बस."