वाचवलेल्या सामन्यातल्या धावा

इंग्लंडचा कर्णधार मायकेल आथर्टनच्या जोहान्सबर्गच्या खेळीविषयी बोलताना बहुतेक जण घड्याळापासून सुरुवात करतात. ६४३ मिनिटं, ४९२ चेंडू, नाबाद १८५. डिसेंबर १९९५, वाँडरर्सचं मैदान, समोर दक्षिण आफ्रिकेने ठेवलेलं ४७९ धावांचं लक्ष्य आणि खेळून काढायला जवळजवळ दोन दिवस. इंग्लंडने १६५ षटकांत ५ बाद ३५१ केल्या आणि सामना वाचवला. फलंदाजी शिकवणाऱ्याची नजर मात्र दुसऱ्याच आकड्यावर थबकते, तो म्हणजे २८ चौकार. १८५ पैकी ११२ धावा चौकारांच्या. जिंकायची आशा जवळपास कुणालाच नव्हती, मग एवढे चौकार मारायची जोखीम कर्णधाराने का घ्यावी? चिवटपणा म्हणजे धावा विसरून चेंडू अडवत राहणं, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. मुंबईच्या मैदानांवर ‘खडूस’ फलंदाजाचं कौतुक करतानाही ती डोकावते. मला ती अर्धवट वाटते. सामना वाचवायलाही धावा लागतात, फक्त त्यांचा उपयोग धावफलकावर दिसत नाही.

उपयोग दिसतो तो क्षेत्ररचनेत आणि गोलंदाजाच्या टप्प्यात. फलंदाज मारणारच नाही याची खात्री पटली की कर्णधार निर्धास्त होतो. तिसरी स्लिप, सिली पॉइंट, शॉर्ट लेग, लेग स्लिप, सगळी मंडळी बॅटभोवती उभी राहतात. बॅट-पॅड उडालेला जो चेंडू एरवी गवतावर पडला असता, त्याखाली आता हात असतो. गोलंदाजही बिनधास्त पुढे टप्पा टाकतो, कारण चेंडू चुकून हाफ-व्हॉली पडला तरी त्याची शिक्षा होत नाही. एक खणखणीत ड्राइव्ह बसला की तोच गोलंदाज टप्पा थोडा मागे घेतो, आणि बचाव करणाऱ्याला नेमकी तेवढीच उसंत हवी असते. आथर्टन ९९ वर असताना डोनाल्डच्या चेंडूवर शॉर्ट लेगला गॅरी कर्स्टनच्या हातून झेल सुटला. पुढचा चेंडू आखूड आला, तो आथर्टनने पुल करून सीमापार धाडला आणि शतक पूर्ण केलं. हा फटका अनेकांना भावनेच्या भरातला वाटतो. मला तो हिशोबी वाटतो. आखूड चेंडूला उत्तर मिळालं नसतं तर डोनाल्डने तोच पुनःपुन्हा टाकला असता.

यावर पहिला आक्षेप जॅक रसेलचा. त्याच डावात रसेलने २३५ चेंडूंत नाबाद २९ केल्या, मग त्याचं काय? ही जोडी ५ बाद २३२ वर जमली आणि तिने ११९ धावांची अभंग भागी केली. रसेलने धावांकडे जवळपास पाठ फिरवली हे खरं, पण दुसऱ्या टोकाला धावा येत होत्या म्हणूनच ते त्याला परवडलं. शिवाय तो डावखुरा. प्रत्येक एकेरी धावेनंतर गोलंदाजाला दिशा नव्याने जुळवावी लागे आणि क्षेत्ररक्षकांनाही हलावं लागे. क्लाइव्ह एक्स्टीनने ५२ षटकं टाकली आणि एकही बळी मिळवला नाही. अ‍ॅडलेडला २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने अशीच वाटणी केली. ४ बाद ४५ वरून एबी डिव्हिलियर्सने २२० चेंडूंत एकही चौकार न मारता ३३ केल्या, तर पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फाफ डू प्लेसीने ३७६ चेंडूंत नाबाद ११०. चिवटपणा मोजायचा तर जोडीचा मोजावा, एकट्याचा मोजला की फसगत होते.

दोन्ही टोकांना कुणीच मारलं नाही तर काय होतं, ते दिल्लीने २०१५ मध्ये दाखवलं. दक्षिण आफ्रिकेच्या अमलाने २४४ चेंडूंत २५, डिव्हिलियर्सने २९७ चेंडूंत ४३, आणि दोघांच्या भागीत २५३ चेंडूंत २७ धावा. चहापानाला ५ बाद १३६ असलेला संघ १४३.१ षटकांत १४३ वर संपला, भारत ३३७ धावांनी जिंकला. खेळपट्टी अश्विन-जडेजाला साथ देत होती, तिथे धावा काढूनही सामना वाचला असता असा माझा दावा नाही. पण उमेश यादवचं २१ षटकं, १६ निर्धाव, ९ धावा, ३ बळी हे पृथक्करण फिरकीच्या खात्यात कसं टाकणार? त्याचा जुना चेंडू उलटा स्विंग होत होता, आणि त्याला टप्पा बदलायला भाग पाडील असं कुणी काही केलं नाही.

उरतो नशिबाचा मुद्दा. कर्स्टनच्या हातून आथर्टन सुटला, रसेल ५ वर असताना प्रिंगलने स्वतःच्याच गोलंदाजीवर त्याचा झेल सोडला. दिवसभर खेळायचं म्हटलं की एखादा झेल उडणारच. जवळ किती जण उभे आहेत यावर त्यातले किती पकडले जातील हे बरंच ठरतं, म्हणून नशिबाचा काही भागही फलंदाजाच्या हाती असतो. सिडनीला जानेवारी २०२१ मध्ये भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या टिम पेनने झेल सोडले ते सोडलेच, त्याचं श्रेय कुणाला देता येणार नाही. पण तिथे रहाणे पाचव्या दिवशी लवकर बाद झाल्यावर विहारीच्या आधी ऋषभ पंतला पाठवलं, तो निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ४०७ चं लक्ष्य असताना पंतने ११८ चेंडूंत ९७ मारल्या, दुसऱ्या टोकाला पुजारा २०५ चेंडूंत ७७ वर पोचला. पंत शतकाच्या उंबरठ्यावर लायनला मारायला जाऊन बाद झाला, म्हणून त्याला बोल लावणारे तेव्हाही होते. पुजाराही गेला, तेव्हा धावफलक ५ बाद २७२. मांडीचा मागचा स्नायू दुखावलेला विहारी आणि पाठ धरलेला अश्विन यांनी उरलेली त्रेचाळीसेक षटकं अभंग ६२ धावा करत खेळून काढली. पंतच्या ९७ नसत्या, तर त्या दोघांना हीच षटकं पहिल्या चेंडूपासून बॅटभोवतीच्या कड्यात खेळावी लागली असती, आणि आणखी बरीच जास्त.