नोटीस येण्याआधी

सल्ला केंद्रात नवं माणूस आलं की मी पहिल्यांदा विचारते, शेवटची भाडेपावती कुठल्या महिन्याची? समोरचा मालकाला शिव्या देत असतो, भावकीचं काढत असतो, मध्येच डोळे पुसत असतो. ते सगळं ऐकायचंच असतं, पण त्या एका तारखेवरून निम्मं प्रकरण कळतं. पावती गेल्या दोन-चार महिन्यांतली असेल तर हातात बरंच काही असतं. सात-आठ वर्षांपूर्वीची असेल, तर घर तेव्हापासूनच निसटायला लागलेलं असतं आणि माणूस माझ्यापर्यंत पोचतो तो कोर्टाचा बेलीफ दारात आल्यावर.

मुंबईत भाड्याच्या घरांचे तंटे हेच माझं काम. बेघरांसाठी काम करणारी मंडळी रात्री फूटपाथवर फिरतात, निवारे चालवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सरकारी व्यवस्था जवळजवळ सगळी त्याच टोकाला उभी आहे. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमात होतं. त्या हिशेबाने एकट्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. पण निवाऱ्याचं दार उघडतं ते घर गेल्यावर. घर जायच्या आधीच्या सहा महिन्यांत त्या कुटुंबाकडे बघायचं कुणी, याचं उत्तर कुठल्याच खात्याच्या फायलीत नाही. वेल्सने २०१४ साली आणि इंग्लंडने २०१७ साली कायदा करून ते उत्तर दिलं: पुढच्या ५६ दिवसांत घर जाण्याची भीती असेल, तर ते टिकवायला मदत करणं हे तिथल्या स्थानिक संस्थेचं काम.

लालबागच्या एका चाळीतल्या काकूंचं सांगते. नवरा गेलेला, मुलगा कंत्राटी कामावर. भाडं महिना ११० रुपये. पावत्या नवऱ्याच्या नावावर होत्या. तो गेल्यावर मालकाच्या गुमास्त्याने काकूंकडून भाडं घेणंच बंद केलं. ‘नावावर कोण आहे ते आधी ठरू दे,’ म्हणाला. काकूंना वाटलं, मागत नाहीत तर देऊ कशाला. तीन वर्षं गेली. मग वकिलाची नोटीस आली आणि काकूंनी ती देव्हाऱ्यातल्या फोटोमागे सरकवून ठेवली. मुलालासुद्धा सांगितलं नाही. शेजारची बाई गणपतीच्या आधी साफसफाईला मदत करत होती, तिच्या हाताला तो लिफाफा लागला. तिने काकूंचा हात धरून त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं. पिशवीत रेशन कार्ड, विजेची बिलं, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा.

‘ताई, आता आम्हाला कधी बाहेर काढणार?’

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. भाडं थकलं म्हणून मालकाला लगेच दावा लावता येत नाही; आधी लेखी मागणी करायची आणि ९० दिवस थांबायचं. पुढे दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी पंधरा टक्के व्याजाने आणि खर्चासह कोर्टात भरली, आणि निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहिलं, तर त्या कारणावरून घर खाली करायचा हुकूम होत नाही. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क येतो. म्हणजे काकूंचा हक्क शाबूत होता. नोटिशीला दोन महिने झाले होते, एक शिल्लक होता. बाकी सगळं धरून सहा हजारांच्या आत. लालबागेत आज त्या खोलीचं मोल काय होतं हे वाचकांना सांगायला नको.

ते सहा हजार काकूंकडे नव्हते. त्याच मजल्यावरच्या बायकांची भिशी होती. त्या महिन्याचा नंबर दुसऱ्या कुणाचा तरी लागणार होता; बायकांनी जिन्यात उभ्या उभ्या ठरवलं, या वेळची भिशी काकूंना. चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. पैसे बँकेच्या डिमांड ड्राफ्टने गेले, सोबत माझं उत्तर. मालकाने भाडं नाकारलं तर मनीऑर्डर करायची आणि नकाराचा शेरा मारून परत आलेला कागद जपून ठेवायचा, हे चाळीतल्या जुन्या माणसांना कुठल्याही वकिलापेक्षा जास्त माहीत असतं. काकूंच्या चाळीत ते सांगणारी पिढी संपली होती, एवढंच.

असं काही घडलं की लोक ‘समाजाची ताकद’ वगैरे बोलायला लागतात. मी जरा सावध असते. आपल्या माणसाला सावरून धरायची ही व्यवस्था मुंबईला नवी नाही. कोकणातल्या गावकऱ्यांच्या मंडळांच्या खोल्या होत्या. गावाहून आलेल्याला तिथे एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि पाळीप्रमाणे झोपायला चटई मिळे. गोव्याच्या गावांचे कूड धोबी तलाव, माझगाव भागात होते, त्यातले काही अजून आहेत. बोटीवर नोकरी करणारा दर्यावर्दी दोन सफरींच्या मधे तिथे राही. नवखा माणूस मुंबईत उतरला आणि थेट फूटपाथवर गेला नाही, याचं श्रेय कितीतरी वेळा या खोल्यांना आहे. पण त्या ज्यांच्या गावाच्या होत्या त्यांच्याच होत्या. ज्याचं गाव नाही, जात आडवी येते, नवरा सोडून आलेली आहे, अशांना तिथे चटई नव्हती. आजही एकटी बाई किंवा मुसलमान कुटुंब म्हटलं की घर द्यायला नकार देणारी सोसायटी आणि अडल्या घरासाठी वर्गणी काढणारी सोसायटी बऱ्याचदा एकच असते.

म्हणून भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांचं मला विशेष वाटतं. १९८१च्या पावसाळ्यात फूटपाथवरच्या झोपड्या उठवायचा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आणि त्याच निकालात फूटपाथ मोकळे करायला परवानगीही दिली. आधी नोटीस द्या, पावसाळा सरू द्या, एवढी सवड मात्र मिळाली. कायद्याच्या वर्गात निकालाचा पहिला भाग शिकवतात; फूटपाथवर राहणाऱ्यांना दुसरा आधी कळला. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेबरोबर तिथल्या वस्त्यांची घरोघर मोजणी झाली, आणि त्यातून महिला मिलन हे तिथल्या बायकांचं संघटन उभं राहिलं. रोज दारोदार फिरून नाणी गोळा करायची, आणि कुणाच्या घरी आजारपण, कुणाची सुटलेली नोकरी, असं अडलं की तिथल्या तिथे कर्ज द्यायचं. कर्ज मागणारीच्या घरात काय चाललंय हे पैसे गोळा करणारीला आदल्या दिवशीच माहीत असे. माझ्या मते या कामात बचतीइतकंच महत्त्व त्या रोजच्या फेरीला आहे. घर डळमळतंय हे कळायला कुणीतरी रोज दारात यावं लागतं.

नाहीतर ते कळतं किराणावाल्याला, उधारीची वही भरत जाते तेव्हा. शाळेच्या कारकुनाला कळतं, वर्षाच्या मधेच कुणी दाखला मागायला आलं की. मी आता या दोघांशीही ओळख ठेवून असते.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि जास्त कच्ची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज अजून पुसला गेलेला नाही. महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदलेला असावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. पण मुदत संपल्यावर राहत राहिलात तर दुप्पट दराने भरपाई लागते, आणि इथे भिशीही कामाला येत नाही, कारण अकरा महिन्यांत शेजारणीचं नावही नीट कळलेलं नसतं.

मध्यमवर्गीय वाचकांना हे सगळं चाळी-झोपड्यांचं वाटेल, म्हणून बक्षीसपत्राबद्दल दोन शब्द. मुला-मुलीच्या नावे राहतं घर बक्षीस द्यायला महाराष्ट्रात २०१५पासून मुद्रांक शुल्क नाममात्र झालं आणि आईवडील घाईने सह्या करू लागले. मग सून-मुलगा विचारतात, तुम्ही गावी का नाही राहत? २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण त्यासाठी सांभाळ करण्याची अट असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये म्हटलं. २०२५मध्ये त्याच न्यायालयाने जरा उदार हाताने कायदा वाचला. या दोन निकालांच्या मधे स्वतःचं म्हातारपण टांगून ठेवू नका. घर स्वतःच्या नावावर असू द्या, मृत्युपत्र करा. ते बदलता येतं.

सगळ्यात जास्त धावपळ मे महिन्यात. म्हाडाची अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी याच सुमारास येते, आणि महापालिकेच्या ‘सी-वन’च्या, म्हणजे रिकामी करून पाडायच्या इमारतींच्या, नोटिसा येतच असतात. लोक घर सोडायला तयार नसतात आणि मला त्यांचा राग येत नाही. संक्रमण शिबिरात गेलेल्यांची नातवंडं तिथेच मोठी झालेली त्यांनी पाहिली आहेत. पण ऑगस्ट २०१७मध्ये पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली, हेही विसरता येत नाही. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र पाडण्याआधी कुणाची खोली किती फुटांची, राहतं कोण, याची यादी व्हावी लागते आणि त्यात आपलं नाव आहे की नाही हे स्वतः बघावं लागतं. पालिकेचा माणूस यायची वाट न बघता आम्ही आधीच जातो. दोन कॉलेजची पोरं, एक टेप, झेरॉक्सचे कागद. मालकाचं स्ट्रक्चरल ऑडिट ‘सी-वन’ म्हणतं आणि भाडेकरूंचं ‘सी-टू’, म्हणजे दुरुस्त होण्याजोगी, तर तांत्रिक सल्लागार समितीकडे जायचं, हेही तेव्हाच समजावून सांगतो.

गेल्या मेमध्ये गिरगावातल्या एका इमारतीत सकाळी सुरुवात केली आणि दुसऱ्या मजल्यावर अडकलो. दोन भाऊ, एक खोली, धाकटा पोटमाळ्यावर राहणारा. पोटमाळा मोजायचा की नाही? थोरला म्हणे खोली वडिलांची, माळा काय मोजता. धाकट्याची बायको टेपचं टोक सोडेना. खालचे-वरचे सगळे जिन्यात जमले, बाजू घेऊन झाली, चहा झाला. दुपारी माळा वेगळ्या रकान्यात लिहिला, त्यात राहणाऱ्यांची नावं वेगळी घातली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. तिसऱ्या मजल्याला दुसऱ्या दिवशी जावं लागलं.